जी.डी.सी. अँड ए.: नामतालिकेवर नाव लागेपर्यंत

कॉमर्स केलेल्या आमच्याकडच्या मुलामुलींना सी.ए. माहीत असतं, बँकेच्या परीक्षा माहीत असतात, टॅलीचा क्लास तर गल्लीतच असतो. पण जी.डी.सी. अँड ए. म्हणजे काय, असं विचारलं तर बहुतेकांना सांगता येत नाही. शासकीय सहकार व लेखा पदविका. सहकार आयुक्तांच्या अखत्यारीत दरवर्षी ही परीक्षा होते आणि कोणत्याही शाखेच्या पदवीधराला ती देता येते. मला स्वतःला हे नाव पदवी हातात पडल्यानंतर कळलं. आज मी सहकारी संस्थांची प्रमाणित लेखापरीक्षक म्हणून काम करते. गावाकडे राहून, घर सांभाळून, हिशेबाच्या क्षेत्रात मानाने उभं राहायचा हा रस्ता आहे आणि तो माझ्यासारख्या अनेकींना चालता येईल, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

मी कराड तालुक्यातली. आबांची दीड एकर बागायत, पाठीवर दोन भावंडं. सी.ए. करावं असं फार वाटायचं. तेव्हा आर्टिकलशिप, म्हणजे सी.ए.कडची उमेदवारी, तीन वर्षांची होती (जुलै २०२३ पासून ती दोन वर्षांवर आली), शिवाय शहरात राहायचा खर्च आणि परीक्षा किती वेळा द्यावी लागेल याचा भरवसा नाही. घरात लगेच चार पैसे येणं गरजेचं होतं. म्हणून बी.कॉम. झाल्या झाल्या टॅली आणि जी.एस.टी.च्या एका कोर्सला नाव घातलं. ‘शंभर टक्के नोकरी’ असा मोठा फलक लावलेला तो क्लास होता. फी आबांनी उसाचं बिल आल्यावर भरली.

तिथे शिकवलं ते खोटं नव्हतं, पण अर्धं होतं. पेमेंटला एफ-फाइव्ह, रिसीटला एफ-सिक्स, जर्नलला एफ-सेव्हन. लेजर उघडायचं, गट निवडायचा, फळ्यावरची नोंद टाकायची, ताळेबंद आपोआप तयार. अडचण अशी की फळ्यावरची नोंद कुणीतरी आधीच विचार करून लिहिलेली असायची. खऱ्या कामात समोर येतं ते चुरगाळलेलं बिल, त्यावर अर्धवट तारीख आणि मागे पेनाने लिहिलेलं ‘भाऊंना दिले’. हा खर्च दुरुस्तीचा की मालमत्तेत धरायचा, भाऊंना दिले ते उचल म्हणून की बिलापोटी, हे ठरवणं म्हणजे हिशेब. ते कुणी शिकवलंच नाही. जी.एस.टी.त आर-वन (विक्रीचं विवरणपत्र) ११ तारखेला, थ्री-बी (कर भरायचं विवरणपत्र) २० तारखेला एवढं पाठ करून घेतलं. पण खरेदीची नोंदवही आणि पोर्टलवरचं टू-बी (व्यापाऱ्यांनी दाखवलेल्या बिलांची यादी) शेजारी ठेवून कोणत्या व्यापाऱ्याने आपलं बिल दाखवलेलं नाही हे शोधायला बसवलं नाही. आणि नोकरी म्हणून जे मिळालं ते एका दुकानातलं बिलिंगचं काउंटर होतं. दिवसभर बारकोड मारायचे, महिना सात हजार. क्लासच्या हिशेबात माझी नोकरी ‘लागली’. याची मला आजही चीड आहे. पोटाला चिमटा घेऊन फी भरणाऱ्या घरांना असं फसवू नये.

ते काम करत असतानाच कॉलेजातल्या आमच्या अकाउंटच्या मॅडम दुकानात भेटल्या. त्यांनीच कराडमधल्या एका लेखापरीक्षकांचं नाव सांगितलं. मदतनीस पाहिजे होती आणि पगार दुकानापेक्षा कमी. आबा म्हणाले, “शिकायला मिळत असंल तर जा.”

सरांनी मुलाखत अशी काही घेतलीच नाही. एका पतसंस्थेच्या रोजकीर्दीचं पान पुढे सरकवलं आणि म्हणाले, “अखेर शिल्लक काढ, आणि मला सांग की आज बँकेतून पैसे काढले की भरले.” पानावर डाव्या बाजूला लिहिलं होतं: जिल्हा बँक चालू खाते जमा, ५०,०००. मी कॉलेजात शिकलेलं आठवून म्हणाले, बँकेत भरले. सर काही बोलले नाहीत. पेन्सिलने आरंभीची शिल्लक आणि अखेरची शिल्लक यांना गोल केले आणि परत बघायला सांगितलं.

हे नीट समजावून सांगते, कारण मराठी कीर्द वाचणाऱ्या प्रत्येक नवख्याचं पाऊल इथेच अडतं. रोजकीर्द ही रोख रकमेची वही. तिच्यात रोखीचं खातं वेगळं लिहीत नाहीत, रोख कुणाकडून आली आणि कुणाकडे गेली तेवढंच लिहितात. डावीकडे जमा, म्हणजे आलेली रोख, उजवीकडे नावे, म्हणजे गेलेली. सभासदाने ठेव ठेवली, रोख आली, म्हणून ठेव खात्याला जमा. बँकेतून पन्नास हजार काढून आणले, रोख आली बँकेकडून, म्हणून बँक खात्याला जमा. बँकेतली आपली शिल्लक तर कमी झाली! टॅलीत हीच नोंद बँक क्रेडिट, कॅश डेबिट अशी पडते. म्हणजे दोन्ही एकच. आरंभी शिल्लक अधिक एकूण जमा, वजा एकूण नावे, राहिली ती अखेर शिल्लक. तीच दुसऱ्या दिवशी सकाळची आरंभी शिल्लक. कीर्दीवरून खतावणी (खातेवार वही), खतावणीवरून तेरीज (सगळ्या खात्यांच्या शिलकांची यादी), तेरजेवरून नफातोटा पत्रक आणि ताळेबंद. ही साखळी एकदा डोक्यात बसली की सॉफ्टवेअर कोणतंही असो, त्याच्या पोटात काय चाललंय ते दिसायला लागतं. मला ती बसायला पूर्ण उन्हाळा गेला, आणि त्या उन्हाळ्याइतकं मी तीन वर्षांच्या पदवीत शिकले नव्हते.

संस्थेत गेल्यावर सरांचा शिरस्ता ठरलेला. चहा नंतर. आधी रोकड मोजायची. रोखपालाने पेटी उघडायची, मी पाचशेच्या, दोनशेच्या, शंभरच्या नोटा वेगळ्या मांडायच्या, नाणी मोजायची, कागदावर तपशील लिहून बेरीज कीर्दीच्या शिल्लकेशी ताडायची आणि खाली रोखपाल व व्यवस्थापकांची सही घ्यायची. शिल्लक जुळली तरी सर विचारत, “पेटीत एखादी चिठ्ठी आहे का?” कारण कधी कधी रोखीच्या जागी ‘अमुक यांना तात्पुरते दिले’ अशी चिठ्ठी असते आणि ती रोख म्हणून धरलेली असते. चिठ्ठी म्हणजे रोख नव्हे, ती उचल. तिची वेगळी नोंद पाहिजे.

त्यानंतर व्हाउचर. एकेक व्हाउचर उघडून पाहायचं: मंजुरीची सही आहे का, सोबत बिल आहे का, कीर्दीतली रक्कम तीच आहे का, ठराव लागत असेल तर इतिवृत्तात तो आहे का. कंटाळवाणं म्हणतात लोक. मला ते कधी कंटाळवाणं वाटलं नाही. एका संस्थेचं वर्षभराचं आयुष्य त्या फायलीत असतं.

पण लेखापरीक्षण खरं कशासाठी करायचं ते मला पिग्मीने, म्हणजे एजंट रोज येऊन गोळा करतो त्या छोट्या ठेवीने, शिकवलं.

एका पतसंस्थेत (गावाचं आणि संस्थेचं नाव लिहीत नाही) आम्ही पिग्मी ठेवीची पासबुकं पडताळायला घेतली. पद्धत साधी आहे. खातेदारांची यादी काढायची, त्यातली काही खाती निवडायची आणि ऑफिसात बसून नाही, तर बाजारात जाऊन खातेदाराच्या हातातलं पासबुक बघायचं. सरांनी मला यादी दिली आणि संस्थेचे शिपाईमामा सोबत दिले. भाजी मंडईत एक मावशी कोथिंबिरीच्या जुड्या बांधत बसल्या होत्या. पासबुक पिशवीत, प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळलेलं. त्यात शिल्लक ६,४०० रुपये. माझ्या यादीत, म्हणजे संस्थेच्या खतावणीत, ४,९००.

मी पुन्हा पाहिलं. पासबुकात रोजचे पन्नास नियमाने मांडलेले, एजंटाची सही. खतावणीत मधले काही आठवडे कोरे.

मावशींनी विचारलं, “काय गं पोरी, बरोबर हाय न्हवं?”

मला काय उत्तर द्यावं कळेना. सरांनी आधीच सांगून ठेवलं होतं, बाजारात कुणाला काही सांगायचं नाही, फक्त टिपून आणायचं. मी “तपासून सांगतो मावशी” म्हटलं, पासबुकाच्या त्या पानांचे फोटो घेतले आणि पुढच्या खातेदाराकडे गेले. त्या एजंटाच्या आणखी काही खात्यांतही तसंच निघालं.

संध्याकाळी व्यवस्थापक म्हणाले, माणूस जुना आहे, घरात आजारपण होतं, आम्ही भरून घेतो, अहवालात नको. सरांनी आवाज चढवला नाही. एजंटाची सगळी खाती शंभर टक्के पडताळायची म्हणून सांगितलं, प्रत्येक खातेदाराकडून शिल्लकेचं लेखी पत्र घ्यायला लावलं आणि फरकाची यादी तयार करायचं काम माझ्याकडे दिलं. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ८१ मध्ये स्पष्ट आहे: अपहार दिसला तर लेखापरीक्षकाने निबंधकांना (सहकार खात्याच्या अधिकाऱ्यांना) विशेष अहवाल द्यायचा, त्यांच्या लेखी परवानगीने फिर्यादही त्यानेच द्यायची. दिली नाही तर तो स्वतः कारवाईला पात्र ठरतो. अहवालाच्या भाग ‘अ’मध्ये गंभीर दोष लिहितात, ‘ब’मध्ये सर्वसाधारण शेरे, ‘क’मध्ये याद्या. आमची यादी भाग ‘अ’ला जोडली गेली. पुढे रक्कम एजंटाच्या तारण ठेवीतून आणि वसुलीतून खातेदारांना मिळाली. मावशींच्या खात्यातली ती जमा नोंद पुढच्या तपासणीत मी माझ्या हाताने टिक केली. पगार कमी होता तरी मी हे काम सोडलं नाही, त्याचं कारण ती टिक आहे.

परीक्षेचं सरांनीच मनावर घेतलं. ते म्हणत, काम येतं आहे पण सही तुझी नाही, तर उपयोग काय. विषय म्हणजे हिशेब, लेखापरीक्षण, सहकाराचा इतिहास आणि व्यवस्थापन, सहकार कायदा, इतर कायदे. मराठीतून लिहिता येतं, ही आमच्यासारख्यांना फार मोठी सोय. परीक्षा मे महिन्यात, म्हणजे नेमकी लेखापरीक्षणाच्या धावपळीत आणि उन्हाच्या तडाख्यात. दिवसा संस्थेत, रात्री अभ्यास.

कामावर असलेल्या माणसाला कायद्याची कलमं पाठ करावी लागत नाहीत, असं माझं मत झालं आहे. कलम ८२ म्हणजे दोष दुरुस्ती. ‘ओ’ नमुन्यातला दुरुस्ती अहवाल मी संस्थांच्या मागे लागून गोळा केला होता. कलम ८३ चौकशी, कलम ८८ नुकसानीची जबाबदारी, कलम १०१ वसुली दाखला. प्रत्येक आकड्यामागे एखादी फाइल आठवायची, एखादा सचिव आठवायचा. निव्वळ नफ्यातला किमान चौथा हिस्सा राखीव निधीला, लाभांश पंधरा टक्क्यांच्या वर नाही, हे नफा वाटणीच्या गणितात बसतंच. मला जड गेला तो इतिहास. इंग्लंडमधल्या रॉशडेलचे विणकर १८४४, आपल्याकडचा पहिला कायदा १९०४, मग १९१२, मुंबई प्रांताचा १९२५, मग १९६०. प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळांनी उभा केलेला साखर कारखाना. आधी नुसत्या तारखा वाटायच्या. त्याच दिवसांत एका विकास सोसायटीच्या (शेतकऱ्यांना कर्ज देणाऱ्या गावच्या सहकारी संस्थेच्या) कपाटात जुनं सभासद रजिस्टर हाताला लागलं. शाई फिकट झालेली, सह्यांपेक्षा अंगठेच जास्त. सावकाराच्या दारातून उठून माणसं इथे आली ती या वहीत नाव लावून, हे तेव्हा समजलं. इतिहासाच्या पेपरला मी मनापासून लिहिलं.

कोल्हापूरच्या केंद्रावर माझ्या बाकाच्या पुढे बँकेतून निवृत्तीला आलेले एक काका होते आणि मागे तान्हं बाळ आईकडे ठेवून आलेली एक मुलगी. सहकार खात्यातले कर्मचारी होते, पतसंस्थांचे क्लार्क होते. वयाची अट मनात धरून कुणी थांबू नये, एवढ्यासाठी हे सांगते.

पास झालं म्हणजे लगेच सही करता येत नाही. घटनेच्या सत्त्याण्णवाव्या दुरुस्तीनंतर राज्याने २०१३ मध्ये कायदा बदलला, तेव्हापासून संस्था आपला लेखापरीक्षक शासनाच्या नामतालिकेतून, म्हणजे मान्यता दिलेल्या लेखापरीक्षकांच्या यादीतून, वार्षिक सभेत निवडते. नामतालिकेत यायला प्रमाणित लेखापरीक्षकाला पदवी, जी.डी.सी. अँड ए., सहकारी संस्थांच्या लेखापरीक्षणाचा किमान तीन वर्षांचा अनुभव आणि मराठीचं कामापुरतं ज्ञान लागतं. मराठीचं ज्ञान कायद्याने मागितलेलं पाहून मला अगदी अभिमान वाटला होता. सरांकडच्या कामाचे दाखले जोडून अर्ज केला आणि यादीत नाव आलं. आबांनी ते पान मोबाइलवर मोठं करून शेजाऱ्यांना दाखवलं.

माझं पहिलं स्वतंत्र काम एका दूध संस्थेचं होतं. दूध संस्थेचा हिशेब वेगळाच. रोज दोन वेळचं संकलन, फॅट आणि एस.एन.एफ.वर (स्निग्धांश सोडून दुधातल्या बाकी घन पदार्थांवर) दर, दहा दिवसांचं बिल, संघाला घातलेलं दूध, स्थानिक विक्री, दिवाळीला द्यायचा दर फरक आणि सोबत पशुखाद्याचा साठा. मी साठ्यापासून सुरुवात केली. साठा पुस्तकात ५१ पोती, गोदामात ४३. सचिव घाबरले. मग त्यांनी खिशातली डायरी काढली: आठ पोती उधारीवर दिलेली, बिल फाडायचं राहिलेलं. डायरीतल्या नावांच्या घरी जाऊन खात्री केली, उधारी त्या त्या सभासदाच्या नावे टाकायला लावली आणि तसा शेरा लिहिला. सचिवांना मी दटावलं नाही. पहाटे साडेचारला उठून दूध घेणारा माणूस, हिशेब लिहायला त्याला कुणी शिकवलेलं नव्हतं. दोन तास बसून त्यांना बिल, साठा आणि येणे यांची सांगड घालून दाखवली. पुढच्या वर्षी त्यांची पोती जुळली.

आता कामाच्या आणि पैशाच्या संधींविषयी. राज्यात दोन लाखांहून जास्त सहकारी संस्था आहेत. त्यांत गृहनिर्माण संस्था सर्वांत जास्त, मुख्यतः मुंबई-पुण्याकडे. आमच्याकडे पतसंस्था, विकास सोसायट्या, दूध आणि पाणीपुरवठा संस्था. प्रत्येकीचं लेखापरीक्षण दरवर्षी, आर्थिक वर्ष संपल्यापासून चार महिन्यांत, म्हणजे ३१ जुलैच्या आत व्हायला हवं, आणि वार्षिक सभा ३० सप्टेंबरपर्यंत. एका लेखापरीक्षकाला वर्षाला वीसच संस्था घेता येतात. एक लाखाच्या आतलं भागभांडवल असलेल्या लहान संस्था त्यात मोजत नाहीत. म्हणजे काम कुणा एकाकडे साठून राहत नाही, नव्या माणसाला जागा असते. उत्पन्नाचं खरं सांगायचं तर पहिली दोन-तीन वर्षं ओढाताण होते. लहान संस्थांची फी लहान असते आणि ती वेळेवर येतेच असं नाही. म्हणून मी वर्षाच्या उरलेल्या महिन्यांत व्यापाऱ्यांची जी.एस.टी. आणि टी.डी.एस.ची विवरणपत्रं करते. पुण्यातल्या माझ्या एका मैत्रिणीचं सगळं काम गृहनिर्माण संस्थांचं आहे. तिथे एका सभासदामागे दरमहा साडेसात हजारांवरच्या मेंटेनन्सला, संस्थेची उलाढाल वीस लाखांपुढे असेल तर जी.एस.टी. लागतो, त्यामुळे कर समजणाऱ्या माणसाला मागणी आहे.

दुसरं काम म्हणजे हिशेब लिहिण्याचं. लहान संस्थांना पूर्णवेळ हिशेबनीस परवडत नाही, त्या महिन्यातून काही दिवस येणारं माणूस शोधत असतात. मात्र जिची वही आपण लिहिली तिचं लेखापरीक्षण आपण करायचं नाही. या बाबतीत मी कुणाच्याही ओळखीला भीक घालत नाही.

संगणक आला की हे काम संपेल, असं मला अनेकांनी ऐकवलं. घडलं ते उलट. केंद्राने २०२२ मध्ये ६३ हजार प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या (म्हणजेच विकास सोसायट्यांच्या) संगणकीकरणाची, सुमारे २,५१६ कोटींची योजना मंजूर केली, आणि आमच्या विकास सोसायट्यांत जुन्या वह्यांतल्या शिलका संगणकात चढवायचं काम सुरू झालं. चढवायला गेल्यावर कळलं की सभासदांकडचं येणं आणि जिल्हा बँकेचं देणं यांचा मेळच नाही. बँकेचं देणं जास्त, सभासदांकडचं येणं कमी. याला आमच्याकडे अनिष्ट तफावत म्हणतात. सॉफ्टवेअर ती तफावत दाखवतं. ती कोणत्या वर्षी, कोणत्या नोंदीने पडली हे जुन्या खतावण्या उघडून माणसालाच शोधावं लागतं. त्यासाठी दोन्ही यायला हवं: मोडीतून नुकतीच सुटल्यासारखी जुनी अक्षरं वाचणं आणि एक्सेलमध्ये दोन याद्या व्ही-लूकअपने ताडणं. मी आता कोणत्याही संस्थेत गेले की आधी ठेवींची यादी एक्सेलमध्ये मागते, मागच्या तारखेच्या नोंदी कुणाच्या पासवर्डने झाल्या ते पाहते आणि त्यानंतर बाजारात पासबुकं बघायला जाते. तिसरी पायरी कुणी वगळू नये.

माझ्याकडे आता दोन मुली मदतनीस आहेत. कुणाला हे काम शिकायचं असेल तर मार्चमध्येच आपल्या तालुक्यातल्या लेखापरीक्षकाकडे जा. एप्रिल ते जुलै आम्हाला हात कमी पडतात, तेव्हा नवख्या माणसालाही सोबत नेतात आणि शिकवतात; ऑगस्टमध्ये गेलात तर दाखवायला फाइल उरत नाही. जाताना एवढं विचारा: संस्थेत मला सोबत नेणार का, व्हाउचर मला उघडायला देणार का, आणि अनुभवाचा दाखला लेखी मिळणार का. तिन्हीला हो असेल तर पहिल्या वर्षीच्या पगाराचा फार घोळ घालू नका. परीक्षेचा अर्ज साधारण वर्षाच्या सुरुवातीला निघतो, त्यावर सहकार खात्याच्या संकेतस्थळावर लक्ष ठेवा.